दहा वाजताची यादी

सांगवी,
गुरुवार, ३० ऑक्टोबर २०२५

निवेदिता मॅडम यांना,
दुर्गाबाईचा नमस्कार.

मी प्रज्वलची आई. तुमच्या कंपनीची गाडी सोमवारी पार्टांचं खोकं घरी देती आणि गुरुवारी न्हेती, त्याच खोक्यात ही चिठ्ठी ठेवली हाय. गाडीवाले बुद्धभूषणभाऊ म्हणाले, मॅडम खोकं सोता उघडत्यात.

प्रज्वलला आठ दिस झालं बरं न्हाई. म्हणून सकाळच्या मीटिंगला तो तोंड दावत न्हाई. आवाज बसलाय, म्हणून बोलत बी न्हाई. पण काम थांबल्यालं न्हाई, ते तुमी बघताच. त्याला फोन तेवढा करू नका. फोन वाजला की त्याला तरास होतो.

मी लिहिलंय हे त्याला ठावं न्हाई. सातवी शिकल्येय, चुकलंमाकलं समजून घ्या. पण त्याच्या नोकरीला धक्का लावू नका.

दुर्गाबाई


पिंपळे सौदागर,
सोमवार, ३ नोव्हेंबर

श्रीमती दुर्गाबाई यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमची चिठ्ठी ब्रेकच्या ब्रॅकेटखाली घडी करून ठेवलेली सापडली. मी ती दोनदा वाचली. प्रज्वलला फोन करणार नाही.

आमचं काम तुम्हाला त्याने सांगितलं असेलच. पार्ट घरी येतो, तो जोडून-सोडून बघायचा, फोटो काढायचे आणि चाकणच्या लायनीवर टांगायचं सूचनापत्रक साध्या भाषेत लिहायचं. नऊ जण नऊ घरांतून हे करतात. मी त्यांची प्रमुख. घरी बसून माणूस एकटा पडतो, कामातून मन उडतं, म्हणून मी सकाळी दहाची बैठक सुरू केली. सगळ्यांचे चेहरे समोर, आधी यादी, मग थोड्या गप्पा. यादीत प्रत्येक नावापुढे हिरवा किंवा लाल ठिपका असतो. आदल्या दिवशी कॉम्प्युटरवर किती वेळ हात चालला, कॅमेरा चालू होता का, यावरून तो आपोआप लागतो. कोणाला टोचावं म्हणून नाही. मी स्वतः चाकणच्या लायनीवर अकरा वर्षं काढली आहेत. तिथे कामाच्या जागेवर लाल-हिरवे दिवे असतात, तीच पद्धत मी घरांत आणली.

तुम्ही आठ दिवस लिहिलंत. दिवाळीची सुट्टी सोडली तर प्रज्वलचा ठिपका १४ ऑक्टोबरपासून रोज लाल आहे. तुमची चूक काढत नाही, मला मोजायची सवय आहे. नवल म्हणजे त्याची पत्रकं याच दिवसांत नऊ जणांत सर्वांत चांगली झाली आहेत.

पुढचं लिहावं की नाही, यात माझे शनिवार-रविवार गेले. चाकणचे प्लांट-प्रमुख नंदकिशोर सर यांनी २८ नोव्हेंबरपर्यंत माझ्याकडे एक नाव मागितलं आहे. नऊचे आठ करायचे आहेत, आणि ते यादी बघून ठरवायचं आहे. हे तुम्हाला सांगणं माझ्या हुद्द्यात बसत नाही. पण तुम्ही ‘धक्का लावू नका’ लिहिल्यावर गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणंच झालं असतं.

डॉक्टरांचा कागद असेल तर पुढच्या खोक्यात ठेवा. आजारपणाची रजा लागली की ठिपका थांबेल.

तुमची,
निवेदिता


सांगवी,
गुरुवार, ६ नोव्हेंबर

मॅडम,

कागद न्हाई. डाक्टर म्हणले इश्रांती घ्या. कागद दिला न्हाई.

तुमी लायनीवर व्हता हे वाचून मला बरं वाटलं. मी बी व्हते. भोसरीला एकोणीस वर्सं, वायरिंगला क्लिपा बसवायच्या. कंत्राटी. म्हणून तुमाला एक इचारते, राग मानू नका.

आमच्या लायनीवर डोक्यावर दोरी असायची. हात अडला, पार्ट बसंना, की दोरी वढायची. लाल दिवा लागायचा आन भोंगा वाजायचा. सुपरवायझर जेवत असला तरी खरकट्या हातानं पळत यायचा. “काय झालं गं दुर्गे?” म्हणायचा. शिवी बी द्यायचा, पण यायचा.

दसऱ्यानंतर एकदा प्रज्वलला चहा द्यायला गेले तर कॉम्प्युटरवर त्याच्या नावापुढं लाल. मी मनात म्हणलं, चला, कंपनीला कळलं पोरगं अडलंय. उद्या कोणतरी येईल. मी घर झाडून घेतलं. पोहे आणून ठेवले. दुसऱ्या दिशी बी लाल, तिसऱ्या दिशी बी लाल. दारात गाडी वाजली की बघायचे, तर बुद्धभूषणभाऊ खोकं घेऊन.

मॅडम, तुमच्या लाल दिव्याला कोण येतं?

दुर्गाबाई


पिंपळे सौदागर,
सोमवार, १० नोव्हेंबर

दुर्गाबाई,
नमस्कार.

कोणी येत नाही. हे उत्तर लिहायला मला चार दिवस लागले, कारण आधी मी बरीच दुसरी उत्तरं लिहून पाहिली.

लायनीवर दोरी माणूस स्वतः ओढतो. घरी ठिपका यंत्र लावतं. मी दिवा नेला आणि दोरी तिथेच राहिली. वर तो दिवा नऊ जणांसमोर लावून ठेवला. गेलं वर्षभर मी याला ‘माणसं जोडून ठेवणं’ म्हणत होते. या कल्पनेबद्दल मला कंपनीत एक ट्रॉफीसुद्धा मिळाली आहे, ती टीव्हीच्या कपाटात आहे.

तरीही मला दुसरं काही विचारायचं आहे, आणि तेच कठीण आहे. प्रज्वलच्या नव्या पत्रकात एक ओळ आहे: “नखं वाढलेली असतील तर क्लिप आधी टेबलाच्या कडेवर दाबून ढिली करा, मग बसवा. अंगठ्याने जोर लावू नका, तिसऱ्या तासाला बोट कामातून जातं.” चाकणच्या लायनीवरच्या बायकांनी ही ओळ वाचून टाळ्या वाजवल्या, असं तिथला सुपरवायझर सांगत होता. चुकीचे जोड निम्म्यावर आले. पण प्रज्वल लायनीवर एक दिवसही उभा राहिलेला नाही. तिसऱ्या तासाला बोटाचं काय होतं, हे त्याला कुठून कळलं?

घरी आलेला पार्ट कर्मचाऱ्याशिवाय कोणी हातात घ्यायचा नाही, असा नियम आहे. नवीन मॉडेलचे पार्ट असतात, बाहेर जाऊ नयेत म्हणून. प्रज्वलने तसं लिहून दिलं आहे. एक मन म्हणतं, हे विचारूच नये. विचारलं तर मला कळेल, आणि कळल्यावर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणता येणार नाही. पण न विचारता मी त्याची पत्रकं मिरवत राहिले, तर तो कोणता प्रामाणिकपणा?

ही पत्रकं कोण लिहितं?

निवेदिता


सांगवी,
गुरुवार, १३ नोव्हेंबर

मॅडम,

प्रज्वलच लिहितो. माझं पोरगं हुशार हाय. लायनीवर त्याची आई व्हती, घरात कानावर पडलं असंल.

तुमी नाव द्यायला बसलाय आन वर संशय घेताय. खोक्यात पार्ट मोजून घ्या, सात दिल्ते, सात हायेत.

दुर्गाबाई


पिंपळे सौदागर,
सोमवार, १७ नोव्हेंबर

दुर्गाबाई,
नमस्कार.

शनिवारी न कळवता तुमच्या दारात उभी राहिले, त्याबद्दल आधी क्षमा मागते. तुम्ही मला आत घेतलंत, चहा दिलात, गाडी कुठे लावली ते विचारलंत. “तिथं नका लावू, पाटील हवा काढतो चाकातली,” म्हणालात. मला हसू आलं, आणि लगेच वाटलं की या घरात मी हसायला नको होतं.

मी काय पाहिलं ते लिहून टाकते, म्हणजे आपल्यात लपवाछपवी राहणार नाही. ओट्यावर पोळपाट होता आणि पोळपाटावर आमचा ब्रॅकेट, अर्धा जोडलेला. तुमच्या उजव्या अंगठ्याला चिंधी बांधली होती. तुम्ही पदराखाली हात घेतलात.

मग मी आतल्या खोलीच्या दाराशी गेले. तुम्ही म्हणालात, “झोपलाय तो.” मी दारातून म्हटलं, “प्रज्वल, मी निवेदिता. कामाचं काही नाही, सहज आले.” आत पंखा चालू होता. मी बोलल्याबरोबर तो बंद झाला. झोपलेला माणूस पंखा बंद करत नाही. मी पाच मिनिटं उभी राहिले. तो श्वास धरून बसला असावा, असं वाटलं. मीही तशीच उभी होते.

निघताना तुम्ही म्हणालात, “लई उशिरा आलात, मॅडम.” गाडी काढून पुलापर्यंत आले तरी ते वाक्य पुसलं जाईना. कशाला उशीर झाला? आवाज बसलेल्या माणसाला भेटायला इतका उशीर लागत नाही.

घरी येऊन मी डायरी उघडली. मी वीस वर्षं डायरी लिहिते. १४ ऑक्टोबरला ठिपका लाल झाला, म्हणून १३ तारखेचं पान काढलं. त्यावर एवढंच आहे: “आजच्या बैठकीत प्रथमच सगळे मोकळेपणाने हसले. प्रयत्नांना यश येतंय.”

कशाला हसले होते, ते मी लिहिलेलं नाही. मला आठवतही नाही. दुर्गाबाई, तुम्हाला माहीत आहे का?

निवेदिता


सांगवी,
गुरुवार, २० नोव्हेंबर

मॅडम,

तुमी दारात आलात, म्हणून खरं लिहिते. वाचून हे फाडून टाका.

त्या दिशी मी खोलीतच व्हते, कपड्याच्या घड्या घालत. यादी लागली. प्रज्वल दोन दिस झोपला नव्हता. त्याची मैतरीण व्हती एक, वाकडला, तिनं लग्न ठरवलं दुसरीकडं. त्यानं कुणाला सांगितलं न्हाई, मला बी नंतर कळलं. कॉम्प्युटरसमोर त्याचे डोळे मिटले. तुमी म्हणालात, “प्रज्वल, आईने अंगाई म्हटली का रे? जागं करा कोणीतरी याला.” समदे हसले. नऊ चौकटीत नऊ तोंडं हसताना मी बी बघितली. एकानं तर टाळी दिली सोताच सोताला. प्रज्वल बी हसला. मग त्यानं क्यामेरा बंद केला.

चार-पाच दिसांनी त्यानं त्या कॉम्प्युटरवर टॉवेल टाकला, तो तसाच हाय. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडतो. बोलत न्हाई. माझ्याशी बी दोन शब्द, पाणी दे, दार लाव. डाक्टरकडं येत न्हाई. आवाज बसलाय, डाक्टर इश्रांती घ्या म्हणले, हे मी तुमाला लिहिलं ते खोटं.

आता कामाचं. पहिल्या आठवड्याला खोकं आलं, तसंच पडून ऱ्हायलं. मला भ्या वाटलं, नोकरी जाईल. मी सोता उघडलं. पार्ट हातात घेतला न मॅडम, तर बोटांना समदं आठवलं. जोडला, सोडला, परत जोडला. वहीत लिहिलं, कुठं अडतं, कुठला हात आधी. वही त्याच्या उशापाशी ठेवली. संध्याकाळी सहा वाजता तुमची ती यादी बंद होती न, कॉम्प्युटर मोजायचं थांबतो, तवा तो उठला. टॉवेल काढला. माझी वही वाचली आन म्हणाला, “आई, हे असं न्हाई लिहायचं, आधी चित्र, मग वाक्य.” आठ दिसातलं पहिलं मोठं वाक्य.

तवापासून असंच चालू हाय. मी दिवसा जोडते. तो सहानंतर फोटो काढतो, लिहितो, साडेआठपतूर. त्या वेळेला तो माझा पहिला प्रज्वल असतो. दिवसा न्हाई.

हे काम गेलं तर ते अडीच तास बी जातील. पगाराचं मी बघून घेईन. अडीच तासाचं कसं बघू?

आता तुमी ठरवा. पण कुणाला सांगू नका. फाडा हे.

दुर्गाबाई


सांगवी,
गुरुवार, २७ नोव्हेंबर

मॅडम,

सोमवारच्या खोक्यात पार्ट व्हते, चिठ्ठी नव्हती. बुद्धभूषणभाऊंना इचारलं तर म्हणले, मॅडमनी काय दिलं न्हाई.

उद्या अठ्ठावीस तारीख. फाडलंत का?

दुर्गाबाई


पिंपळे सौदागर,
सोमवार, १ डिसेंबर

दुर्गाबाई,
नमस्कार.

फाडलं नाही. आणि मी सांगितलं.

गेल्या सोमवारी चिठ्ठी पाठवली नाही, कारण लिहिलं असतं तर तुम्ही मला थांबवलं असतं आणि मी थांबले असते. हे आज मला धाडस वाटत नाही. तुम्हाला न विचारता तुमची गोष्ट दुसऱ्याला सांगितली, हा त्याचा सरळ अर्थ आहे.

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. दुसऱ्या कोणाचं तरी नाव द्यायचं: ज्याचा ठिपका हिरवा आहे पण पत्रकं सुमार आहेत, असा एक जण आहे. त्याच्या घरी काय चालू आहे, मला माहीत नाही. प्रज्वलच्या घरचंही मला कुठे माहीत होतं? की सगळं आहे तसं मांडायचं आणि सरांना पटेल अशी आशा धरायची. मला वाटलं, खरं पूर्ण सांगितलं तर त्यातून चांगलंच निघेल. पंचेचाळिसाव्या वर्षी मी अजून असं मानते.

शुक्रवारी चाकणला गेले. नंदकिशोर सरांसमोर पत्रकं ठेवली, लायनीवरच्या चुका निम्म्यावर आल्याचे आकडे ठेवले. मग यादी कशी चुकते ते सांगितलं: दिवसा मोजते, काम सहानंतर होतं. कोण जोडतं ते सांगितलं. मी बैठकीत काय बोलले, तेही सांगितलं. ते म्हणाले, “एवढ्यावरून? मॅडम, आम्हाला तर फोरमन आईवरून बोलायचा.” मी म्हटलं, “सर, तिथे संध्याकाळी त्याच फोरमनबरोबर चहाही प्यायला मिळायचा. इथे बटण दाबलं की माणूस खोलीत एकटा.” त्यांनी पत्रक बाजूला सारलं. मग म्हणाले, “पार्ट बाहेरच्या माणसाच्या हातात गेला. नियम मोडला तो मोडला. म्हणजे लाल ठिपका बरोबरच होता ना? मुलाला सोडा.” आणि मी उठत होते तेव्हा: “पण ती बाई… तिला विचारा. कंत्राटावर येत असेल तर लायनीजवळ टेबल देऊ.”

हे दुसरं वाक्य तुमच्यापर्यंत पोचवू नये, असं मला तीन दिवस वाटत होतं. पण ते तुम्हाला विचारलेलं आहे, मला नाही. म्हणून जसंच्या तसं लिहिलं. प्रज्वलचं काढल्याचं पत्र १५ तारखेला निघेल. तोपर्यंत काही सांगायचं असेल तर सरांना थेट सांगता येतं. त्यांचा नंबर खाली दिला आहे.

दहाच्या बैठकीत यादी दाखवणं मी आजपासून बंद केलं. सरांना विचारलेलं नाही. बैठकीनंतर एकीने मला वेगळा फोन केला आणि सांगितलं, की तीही मुलगी शाळेतून आल्यावर, साडेपाचनंतरच खरं काम करते. दिवसभर नुसती कॉम्प्युटरसमोर हात हलवत असते, हिरव्यासाठी. ती फोनवर रडली.

तुमची नोकरी वाचवायला निघाले आणि घालवून बसले. तुमच्या मुलाची म्हणायला हवं, पण आता मला ते वेगळं करता येत नाही.

निवेदिता


सांगवी,
गुरुवार, ४ डिसेंबर

मॅडम,

तुमच्यावर माझा राग हाय. तुमी खोटं काय बोलला न्हाईत. पण मला इचारून बोलायला पायजे व्हतं. मी “फाडा” म्हणून दोनदा लिहिलं व्हतं. तुमाला खरं बोलून बरं वाटलं असंल, इथं आमच्या घरात दोन दिस चूल नीट पेटली न्हाई. हा राग लगेच जाणार न्हाई, तवा मला क्षमा-बिमा लिहू नका.

आता काय झालं ते सांगते, कारण ते बी तुमच्यामुळंच झालं.

तुमचं पत्र मी लपवणार व्हते. पण खोकं उघडताना तो मागं उभा. सोमवारी, दुपारी दोन वाजता, उजेडात! म्हणाला, “दे.” उभ्यानं वाचलं. नोकरी गेल्याचं वाचलं तवा तोंडावर काय न्हाई. जसं ठावंच व्हतं. मग पुढं गेला. कंत्राटाचं वाचलं आन असा वरडला, मॅडम, की शेजारची सरूबाई पळत आली. “एकोणीस वर्सं कंत्राटी! आन आता माझ्या जागेवर परत कंत्राटी? आई, तू गेलीस तर बघ!” मी म्हणलं, “अरं, कोण चाललंय? माझे गुडघे हायेत का तसे?” तर माझ्यावरच वरडला. सरूबाई म्हणली, “काय गं, पोरगं भांडतंय तुझं.” मी म्हणलं, “व्हय, भांडतंय.” आन मला रडूच आलं. दीड महिन्यानं भांडला वो.

मंगळवार, बुधवार काय बोलला न्हाई. मला वाटलं परत गेला भिंतीकडं.

आज सकाळी मी भाकरी थापत व्हते. आतून आवाज आला. मला वाटलं यूट्यूब. मग नंदकिशोर साहेब, नंदकिशोर साहेब असं ऐकू आलं. तव्यावर भाकरी टाकलेली, मी तशीच दाराशी गेले. दार उघडंच व्हतं बोटभर. टॉवेल खाली पडला व्हता आन तो कॉम्प्युटरसमोर बसलेला, पारोसा, दाढी वाढलेली, क्यामेरा चालू. साहेबाचं तोंड मला दिसत व्हतं. प्रज्वल म्हणत व्हता, “नियम मी मोडला, ते मान्य आहे. पण पत्रकावर दोघांचं काम आहे. ठेवायचं तर दोघांना पगारी ठेवा. आणि काढायचं तर मला एकट्याला काढून आईला कंत्राट देऊ नका, ती येणार नाही.” साहेब काहीतरी म्हणले. तो म्हणाला, “नाही सर, मी झोपलो होतो, ते खरं आहे. का झोपलो होतो ते कोणी विचारलं नाही, हेही खरं आहे.”

त्याचा आवाज चिरका येत व्हता, लई दिस न वापरलेल्या नळाचा येतो तसा. मधीच थांबायचा. पण परत बोलायचा.

साहेबानं काय कबूल केलं ते मला ठावं न्हाई. बघतो म्हणले, बहुतेक. तुमाला कळंल माझ्या आधी. नोकरी ऱ्हाईल का जाईल, ते आता तुमचं तुमी बघा, तिकडं चाकणला.

मी दाराशीच उभी ऱ्हायले. घरभर धूर झाला, भाकरी पार कोळसा झाली, तरी मी तव्याकडं गेले न्हाई. तो बोलत व्हता.

दुर्गाबाई